तपासणीत ‘पास’ झालेली पीडीएफ प्रेसनं परत का पाठवली?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आजोबांच्या आठवणींचं पुस्तक वर्डमध्ये लावलं आहे. १७६ पानं, डेमी १/८ हा पुस्तकाचा आकार, आतला मजकूर एकरंगी, मधे काही जुने फोटो, मुखपृष्ठ चाररंगी, ५०० प्रती. सदाशिव पेठेतल्या प्रेसनं ‘पीडीएफ/एक्स द्या’ एवढंच सांगितलं. तुम्ही एका फुकटच्या संकेतस्थळावर फाइल तपासलीत, तिथे ‘प्रमाणकाशी सुसंगत’ असा हिरवा शेरा मिळाला. तरीही प्रेसनं फाइल परत पाठवली आणि तीन ओळींत कारणं लिहिली: ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर सोडलेली जादा छपाई) नाही, काळा बरोबर नाही, फोटो कमी रेझोल्यूशनचे. तुम्ही विचारताय की खरं कोणाचं धरायचं, आणि पुढची फाइल देण्याआधी घरी बसून कशी तपासायची.

खरं दोघांचंही आहे. तुम्ही जोडलेल्या चित्रात त्या संकेतस्थळाचा निकाल ‘पीडीएफ/ए-१बी’ असा दिसतो. हे वेगळंच प्रमाणक आहे. पीडीएफ/ए म्हणजे आयएसओ १९००५, त्याचा पहिला भाग २००५ सालचा. कागदपत्र पन्नास वर्षांनीही जसंच्या तसं उघडावं यासाठी ते आहे. वर्डमध्ये पीडीएफ सेव्ह करताना पर्यायांत त्याची चौकट असते, तुम्ही ती टिचकी मारून निवडली असणार. छपाईसाठीचं प्रमाणक म्हणजे पीडीएफ/एक्स, आयएसओ १५९३०. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण पीडीएफ/ए ला पान कुठे कापलं जाणार आणि कोणत्या शाईत छापलं जाणार याच्याशी काही देणंघेणं नाही. सगळं पुस्तक आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांत असलं तरी ते खुशाल पास करतं.

पण समजा, तुम्ही पीडीएफ/एक्स तपासून घेतलं असतं आणि तिथेही हिरवा शेरा मिळाला असता, तरी प्रेसच्या तीनपैकी निदान दोन तक्रारी, ब्लीडची आणि फोटोंची, तशाच राहिल्या असत्या. गेली चोवीस वर्षं मी नारायण पेठेत प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करण्याचं, काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे असतं. फाइल प्रमाणकाला धरून आहे का, हा एक प्रश्न. ती तुमच्या पुस्तकासाठी बरोबर आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर यंत्र देतं. दुसऱ्याचं उत्तर प्रेसला विचारून आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मिळतं.

पीडीएफ/एक्स काय मागतं ते पाहू. सगळे फॉन्ट फाइलच्या आत हवेत. फाइलला पासवर्ड किंवा कुलूप नको. पान कुठे कापायचं ते सांगणारी ट्रिमची चौकट हवी. कोणत्या छपाईसाठी रंग धरले आहेत हे सांगणारी नोंद हवी, तिला आउटपुट इंटेंट म्हणतात. ट्रॅपिंग, म्हणजे शेजारच्या रंगांच्या कडा किंचित एकमेकांवर चढवणं, केलंय की नाही याचं स्पष्ट हो-नाही हवं. एक्स-१ए हा २००१ चा जुना प्रकार आणखी कडक आहे: रंग फक्त सीएमवायके (छपाईच्या निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शाया), राखाडी किंवा स्पॉट (वेगळी तयार शाई), आणि पारदर्शकता अजिबात चालत नाही, कारण तेव्हाच्या रिपना, म्हणजे पीडीएफचं प्लेटसाठीच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या यंत्रणांना, ती झेपत नसे. एक्स-४ हा २००८ चा. त्यात पारदर्शकता आणि लेयर चालतात, रंगांचं प्रोफाइल, म्हणजे रंग नेमके कसे धरायचे याचं वर्णन, जोडलेलं असेल तर आरजीबी फोटोही चालतात.

आता काय मागत नाही ते बघा. फोटोचं रेझोल्यूशन किती असावं याबद्दल पीडीएफ/एक्स गप्प आहे. ब्लीड असलंच पाहिजे असंही ते म्हणत नाही. ट्रिमची चौकट आणि पानाची चौकट एकच असली, म्हणजे ब्लीड शून्य असलं, तरी फाइल पूर्ण नियमात बसते. एका जागी शाई किती साचते, बारीक रेघ किती जाडीची, पांढरी अक्षरं ओव्हरप्रिंटवर (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) आहेत का, या गोष्टी त्याच्या कक्षेत येतच नाहीत. या वरच्या गोष्टींसाठी घेंट वर्कग्रुप नावाच्या आंतरराष्ट्रीय गटानं पीडीएफ/एक्सवर आधारलेले जादा नियम तयार केले आहेत, आणि चांगल्या प्रीफ्लाइट (छपाईआधी फाइल तपासणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये ते मिळतात. तुमच्या प्रेसचे नियम मात्र प्रेसच सांगणार.

म्हणून आधी प्रेसला फोन करा आणि चार गोष्टी विचारा. एक्स-१ए हवी की एक्स-४? आउटपुट इंटेंट कोणता धरू? ब्लीड किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझी पीडीएफ तुम्ही थेट रिपला देणार की आधी कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार?

हा चौथा प्रश्न ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, पण पुण्यातल्या पेठांमध्ये तो विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. बऱ्याच ठिकाणी पानांची जुळणी अजूनही कोरलड्रॉमध्ये होते. पीडीएफ कोरलमध्ये आणली की फॉन्ट आत असूनही मराठी मजकूर पुन्हा मांडला जाऊ शकतो, आणि मग जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात. म्हणूनच ‘फॉन्ट कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या आकारांत रूपांतर करून द्या, असं सांगितलं जातं. फाइल कोरलमधून जाणार असेल तर कर्व्ह करून देणं शहाणपणाचं आहे. थेट रिपला जाणार असेल तर १७६ पानांचा मजकूर कर्व्ह करू नका. फाइल फुगते, शेवटच्या क्षणी दिसलेली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारता येत नाही, आणि कमी रेझोल्यूशनच्या डिजिटल मशिनवर अक्षरं किंचित जाड होतात. मुखपृष्ठावरच्या चार ओळी कर्व्ह केल्या तर काही बिघडत नाही.

आउटपुट इंटेंटबद्दल ‘कुठलाही चालेल’ असं उत्तर येण्याची शक्यता आहे. तसं आलं तर आर्ट पेपरवरच्या मुखपृष्ठासाठी मी फोग्रा३९ हे गुळगुळीत कागदाचं प्रोफाइल धरतो आणि मॅपलिथो या साध्या कागदावरच्या रंगीत पानांसाठी अनकोटेडचं (लेप नसलेल्या कागदाचं) प्रोफाइल घेतो. तुमची आतली पानं एकरंगी असल्यामुळे हा प्रश्न मुख्यतः मुखपृष्ठापुरता आहे.

आता काळ्याकडे वळतो, कारण मराठी पुस्तकात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

वर्डमधून सरळ सेव्ह केलेल्या पीडीएफमध्ये साधा काळा मजकूर सहसा शुद्ध काळाच राहतो. गडबड होते ती दोन वाटांनी. एक म्हणजे सेव्ह न करता प्रिंट करून पीडीएफ बनवणं, त्यात काळा आरजीबी होऊन येऊ शकतो. दुसरी वाट जास्त फसवी: वेबपानावरून किंवा मेलमधून चिकटवलेला मजकूर. तो पडद्यावर काळा दिसतो पण आतून गडद राखाडी असतो. तुमच्या काकांनी मेलवर पाठवलेली प्रकरणं तुम्ही तशीच चिकटवली असं लिहिलंय, तिथे आधी बघा.

शुद्ध काळा म्हणजे काळ्या शाईचा १०० टक्के ठसा. तो प्लेटवर सलग उमटतो आणि अक्षराची कड धारदार येते. आरजीबी काळा फोटोशॉपच्या जुन्या अमेरिकन प्रोफाइलनं सीएमवायकेमध्ये बदलला तर साधारण निळी ७५, गुलाबी ६८, पिवळी ६७ आणि काळी ९० टक्के असा होतो. एकूण ३०० टक्के शाई, तीही नऊ पॉइंटच्या अक्षरावर! चाररंगी पानावर रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर जरी हललं तरी शिरोरेषेच्या वर गुलाबी आणि खाली निळी सावली दिसते. रोमन लिपीत ते एखाद्या वेळी खपून जातं. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून एक लांब आडवी रेघ जाते, त्यामुळे डोळा ते लगेच टिपतो. त्यातून पुण्याचा पावसाळा. दमट हवेत कागद ओल धरतो, किंचित वाढतो, आणि रजिस्टर राखणं मशिनमनला जड जातं. तुम्हाला ऑगस्टमध्ये पुस्तक हवंय म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

एकरंगी पानांवर रजिस्टरचा प्रश्न नसतो, पण नुकसान वेगळं होतं. काळा ९० टक्के किंवा राखाडी असला की प्लेटवर सलग ठसा न येता ठिपक्यांची जाळी येते. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या होतात, अनुस्वार आणि रफार पुसट दिसतात. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, ‘छपाई फिकी आहे’ एवढंच जाणवतं आणि दोष प्रेसला जातो. यावर उपाय सोपा आहे. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून रंग ‘ऑटोमॅटिक’ करा, मग सेव्ह अ‍ॅज पीडीएफ. नंतर अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडून निळी, गुलाबी, पिवळी या तिन्ही प्लेट चालू ठेवा आणि फक्त काळी बंद करा. आतलं पान कोरं झालं पाहिजे. जे उरेल ते चुकलेलं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक फाइलवर मी सर्वांत आधी हेच करतो. १७६ पानं चाळायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

फोटोंच्या बाबतीत तुमची चूक नाही. तुम्ही ६०० डीपीआयला स्कॅन केलेत, ते योग्यच केलंत. पण वर्ड सेव्ह करताना चित्रं लहान करतं, बऱ्याच आवृत्त्यांत मूळ सेटिंग २२० पीपीआय असतं. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे इमेज साइज अँड क्वालिटीखाली ‘डू नॉट कॉम्प्रेस’ निवडा आणि फोटो पुन्हा घाला. आधीच लहान झालेला फोटो त्यामुळे परत मोठा होत नाही. हिशेब साधा आहे: १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचांत छापला तर ३०० पीपीआय मिळतात, ८ इंचांत १५०. आजोबांच्या हस्ताक्षरातलं पत्र छापणार असाल तर ते फोटोसारखं न धरता रेखाचित्रासारखं धरा, ६०० च्या खाली नको. आणि आतल्या पानांवरचे फोटो स्वतः ग्रेस्केल करून घाला. ते काम यंत्रावर सोडलं तर चेहरे काळवंडतात.

ब्लीडचं सांगायचं तर वर्डला ब्लीड कळतच नाही. आतल्या पानांवर कडेपर्यंत जाणारं काही नसेल तर तिथे त्याची गरजही नाही, प्रेसला तसं सांगा. मुखपृष्ठ मात्र वर्डमध्ये करू नका. पुढचं पान, पाठ आणि मागचं पान एकाच फाइलमध्ये, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, आणि पाठीची जाडी प्रेसकडून कागद ठरल्यावर विचारून. ८८ पत्र्यांची जाडी कागदानुसार बदलते, अंदाजानं धरली तर पाठीवरचं नाव पुढच्या पानावर उतरतं.

तपासायचं कशानं? अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर त्यातलं प्रीफ्लाइट पुरेसं आहे. तिथे एक खबरदारी घ्या. ‘तपासा’ आणि ‘रूपांतर करा’ अशी दोन वेगळी कामं आहेत. घाईत लोक रूपांतराचं बटण दाबतात, सगळ्या चुका जाऊन हिरवी खूण येते, आणि ती खूण आणताना सॉफ्टवेअरनं तुमचा काळा चाररंगी करून टाकलेला असू शकतो. आधी फक्त तपासा, यादी वाचा, मूळ फाइलमध्ये दुरुस्त करा, पुन्हा पीडीएफ काढा. आणखी एक: फाइल उघडल्यावर बाजूला ‘ही फाइल पीडीएफ/एक्स असल्याचा दावा करते’ अशा अर्थाची पट्टी दिसली तर ती फक्त फाइलच्या आतली नोंद आहे. दावा लिहिणं सोपं आहे. पडताळणी केल्याशिवाय त्याला किंमत नाही.

प्रो नसेल तरी बरंच करता येतं. फुकटच्या रीडरमध्ये प्रॉपर्टीज उघडून फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ आहे का बघा. पॉपलर नावाचं मोफत साधन आहे, त्यातल्या पीडीएफफॉन्ट्स, पीडीएफइमेजेस आणि पीडीएफइन्फो या तीन आज्ञा फॉन्ट, चित्रांचं खरं रेझोल्यूशन आणि पानाच्या चौकटी दाखवतात. स्क्रायबस या पानं लावण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधून पीडीएफ/एक्स थेट काढता येते, आणि २०२४ मध्ये आलेल्या १.६ पासून त्यात देवनागरी नीट जुळते. १.४ वर मात्र मराठी लावू नका.

फॉन्टच्या यादीबद्दल एक बारीक गोष्ट. वर्डमध्ये ‘एम्बेड करता येत नसेल तर मजकुराचं बिटमॅप करा’ असा पर्याय असतो. एखाद्या फॉन्टचा परवाना एम्बेड करू देत नसेल तर वर्ड त्या अक्षरांचं चित्र करून टाकतं. मग यादीत तो फॉन्टच दिसत नाही आणि तपासणी पास होते. शीर्षकांवर ८०० टक्के झूम करून बघा, कड पायऱ्यापायऱ्यांची दिसली तर हेच झालंय. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही प्रकरणं असतील तर मजकूर कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. त्यानं घाबरू नका. त्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट आत असेल तर छपाई बरोबरच येते.

आतापर्यंतचं एका दमात: प्रेसला चार प्रश्न, मजकुराचा काळा शुद्ध, फोटो न दाबलेले, मुखपृष्ठ वेगळं आणि ब्लीडसह, मग यंत्राची तपासणी. यानंतर उरतं ते यंत्राला दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ माझ्या हातून गेलं. फाइल पीडीएफ/एक्स-१ए, तपासणीत एकही चूक नाही. गडद तपकिरी पार्श्वभूमीवर संस्थेचं नाव पांढऱ्यात होतं. ते नाव आधी काळं होतं आणि काळं म्हणून ओव्हरप्रिंटवर ठेवलेलं होतं. नंतर डिझायनरनं रंग पांढरा केला, ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. पांढरं ओव्हरप्रिंट म्हणजे खालच्या रंगावर काहीच न छापणं. पडद्यावर नाव दिसत होतं, छापील मुखपृष्ठावर नव्हतं. हजार मुखपृष्ठं लॅमिनेशन होऊन आली तेव्हा कळलं, कार्यक्रमाला चार दिवस होते. पुन्हा छापली, खर्च मी उचलला. पैशांपेक्षा त्या वयस्कर कार्यवाहांचा चेहरा जास्त लक्षात राहिला. तेव्हापासून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू केल्याशिवाय मी एकही मुखपृष्ठ सोडत नाही. रीडरमध्येही प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली तो ‘ऑलवेज’ करता येतो. तुम्ही आजच करून ठेवा.

दुसरी गोष्ट लिपीची. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं, ‘कुऱ्हाड’मधला अर्धा र तुटून पायमोडका उभा राहिला, ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, तरी फाइल प्रमाणकाला धरूनच असते. फॉन्ट आत आहे की नाही एवढंच यंत्र बघतं, त्यातून मराठी उमटलं की नाही हे त्याला कळत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसतो. इनडिझाइनवाल्याकडे काम दिलंत तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना हे विचारा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असू द्या. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांचं मराठी वळण त्या नोंदीवरूनच निवडलं जातं, नाहीतर हिंदी वळणाचे आकार येतात. मी एक चाचणी ओळ ठेवली आहे: ‘किती वर्षी दऱ्याखोऱ्यांत कुऱ्हाडी, श्रद्धा, द्वंद्व, ट्रॉफी, ॲप, लाल शाल’. प्रत्येक वापरलेल्या फॉन्टमध्ये ती ओळ पीडीएफ करून बघा. एखादाही आकार चुकला तर फॉन्ट बदला, मजकूर बदलू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे सगळं पैसे देऊन करून घ्यावं का. तुमच्या परिस्थितीवर आहे. हातात महिनाभर असेल आणि फोटो थोडे असतील तर आतली पानं तुम्ही स्वतः नीट करू शकता, तुमच्या प्रश्नावरून तेवढी चिकाटी दिसते. मुखपृष्ठ मात्र अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडून करून घ्या आणि पीडीएफबरोबर मूळ फाइलही मागून घ्या.

आणि फाइल पास झाली तरी लगेच ५०० प्रतींचा होकार देऊ नका. १७६ पानं म्हणजे सोळा पानांचे अकरा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). त्यातला फोटोंचा एक फॉर्म निवडा, त्याचं प्रूफ पुस्तकाच्याच कागदावर काढून मागा आणि दिवसाउजेडात खिडकीपाशी बसून वाचा. आजोबांच्या पिढीतलं कोणी घरात असेल तर त्यांच्याही हातात द्या. अक्षर फिकं आहे का, चेहरा ओळखू येतो का, हे तेच सांगतील. प्रूफ पटल्यावर प्रत्येक पानावर सही आणि तारीख घाला, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मगच प्लेट काढायला सांगा.